मागचं अंगण, बर्नली

नऊ पावलं लांब, चार रुंद.
कोळशाची खोली पाडली त्या दिवशी
हेडलीच्या दाढीत
शंभर वर्षांची काजळी.

काँक्रीटखाली माती निघाली, ऊन विसरलेली,
आणि चिनीमातीच्या बाहुलीचा एक हात.
तो त्यानं खिडकीत ठेवला.

ऊन इथं दोनला येतं,
पावणेचारला भिंत चढून शेजारी जातं.
त्या हिशेबानं वाटाणे लावले.
उरलेलं नेच्यांना दिलं.

भिंतीवरून शमीमबाईंनी
पुदिन्याचं मूळ दिलं, वर ताकीद:
"बादलीतच लाव, नाहीतर घर बळकावेल!"

कपड्यांच्या दोरीचा गंजका हूक तेवढा
त्यानं काढला नाही.
हनीसकलला तिथवर चढायला
अजून दोन उन्हाळे लागतील.
तोवर ग्वेंडाचं एक फडकं
तिथं वाळत असतं,
कधीचंच वाळलेलं.