सहा वाजताचा चेहरा

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाला
दस्तगीर शिकलगारांचं बफिंगचं दुकान.
दुकान म्हणजे दोन मोटरी, कापडाची चार चाकं
आणि हिरव्या साबणाचा वास, भिंतीत मुरलेला.

मी पिशवीतून मशीन काढलं.
मशीन कसलं, नुसतं कवच :
बिडाचं पाऊल, अॅल्युमिनियमची पाठ,
पुढं वाकलेली मान, जिथून कॉफी पडायची.
आत अजून पाणी नाही, वीज नाही, वाफ नाही.

‘काय हाय हे?’
‘घरात कॉफी करायचं मशीन.’
‘आणि स्टोला काय झालं?’
मी हसले. ते हसले नाहीत.
त्यांना खरंच विचारायचं होतं.

दोन वर्षं मी हेच काढत होते.
एका चित्रात ते स्कूटरच्या दिव्यासारखं झालं,
एकात दाताच्या डॉक्टरकडचं काहीतरी.
पुण्याच्या मालकांना हवा होता आरसा.
‘चमकलं पाहिजे,’ म्हणाले, ‘फोटोत उठून दिसलं पाहिजे.’

त्याआधी गुंडू सुतारांनी सागवानात साचा कोरला होता
आणि मला न विचारता प्रत्येक कड अर्धा सूत कलती ठेवली होती.
‘सरळ ठिवली तर वाळूतनं निघायची न्हाई.
सरळ असतंय ते अडकतंय.’
पडद्यावरची माझी ताठ रेघ
तिथं पहिल्यांदा वाकली,
आणि बरी दिसली.

दस्तगीरचाचांनी चाक चालू केलं.
धातू आधी काळा पडला, मग पांढरा,
मग एकदम खोल.
अर्धी पाठ झाली आणि त्यांनी मोटर बंद केली.
‘बघ.’
माझं कपाळ वर ओढलेलं, हनुवटी वाफेच्या नळीत शिरलेली,
डोळे दोन बाजूंना पळालेले.

‘ह्याच्या म्होरं पयलं कोण उभारणार?’
‘घरात जो आधी उठेल तो.’
‘किती वाजता?’
‘सहा.’
‘सहाचा चेहरा कुणाला बघायचा असतोय?’

फडक्याला हात पुसत बसले थोडा वेळ.
‘तालमीच्या ढाली केल्या, बुलेटचे सायलेन्सर केले,
लग्नातल्या समया केल्या.
चाळीस वर्सं लोकांच्या वस्तूत
पयला चेहरा माझाच.
धन्याचा मागनं.
कटाळा येतोय, बाई.’

उरलेली अर्धी पाठ त्यांनी केलीच नाही.
मीही कर म्हटलं नाही.
वाळूचे कण जसे उठले होते तसे राहिले,
थंडीत अंगावर काटा यावा तसे.
‘दांडा?’ मी विचारलं.
‘हात लागंल तिथं चमक आपसूक येतीया.
त्याचं पैसं घेत न्हाई मी.’

मालकांचा फोन आला नाही.
ते मशीन आता राजारामपुरीत, आमच्या ओट्यावर,
मिक्सर आणि लोणच्याच्या बरणीच्या मध्ये.
नळ्या बसवल्या, काटा बसवला.
आईनं पहिल्याच दिवशी विचारलं,
‘हे घड्याळ नऊवर जाऊन का थरथरतंय?’
दुसऱ्या दिवशी तिनं त्याला झालर लावून
कापडाचा अंगरखा शिवला, मोरांचा.
दोन वर्षांची माझी सगळी वळणं त्या मोरांखाली.

मी रुसले. मग विसरले.
सकाळी अंगरखा काढते,
अर्ध्या पाठीत खिडकी दिसते, थोडी वाकडी,
अर्ध्या पाठीत काहीच दिसत नाही,
आणि मला ती दुसरी बाजू आवडते.

दांड्यावर काल एक डाग उजळलेला दिसला,
अंगठ्याएवढा.
‘कॉफी कडू,’ आई म्हणते,
‘मी तर हातबी लावत नाही त्याला.’

मी दांडा धरून बघितला.
ती जागा माझ्या अंगठ्याच्या
जरा खाली आहे.