अंगठा

सिमडेग्याच्या जनसुनावणीला
रेशन डीलरनं काटा लखलखीत पुसून आणलेला.
नोंद पस्तीस किलोची, पिशवीत तीस,
हे सगळ्यांनाच पाठ.

सलोमी टेटे उठली
तसं मागून कुणी पुटपुटलं,
ती चर्चवाली. तुम्ही सरनावाले, तुम्हांला काय?

बाकावर तिच्याशेजारी
हातभर फट पडली.

बुधवा सोरेंग नेमका तिथं जाऊन बसला,
गुडघे धरत.
म्हणाला, साहेब, लिहा,
पाच किलो हिचे, पाच माझे.
मारताना यानं नव्हतं विचारलं
कोण कुठं हात जोडतं.
आणि हेही लिहा,
सात वर्षं मशीनवर अंगठा
मीच टेकवत आलो,
मुकाट.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
डीलर माझ्याकडे बघून हसला, ओळखीचं.

वही आता
माझ्या बाकाकडे येते आहे.