कोरडं वजन

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
वाशी, दुसरा मजला, खुर्ची चार.
डाव्या हातात दोन सुया, म्हणून टिपणीसकाका
शेती उजव्या हाताने करतात.

नातवाचा जुना टॅब, उशीला टेकवलेला.
काच तडकलेली, नेमकी तळ्यावरून.
चार तास मशीन त्यांचं रक्त धुतं,
तेवढ्यात ते दोन हंगाम काढतात.

तिथे पेरलं की उगवतं.
दर दुकानाच्या पाटीवर लिहिलेला, तो पडत नाही.
दमलं की हिरवी पट्टी उतरते,
झोपून उठलं की काठोकाठ.
"पोरी, बघ," म्हणतात,
"किडनी अशी पाहिजे."

शलगमाला ते नवलकोल म्हणतात,
कोंबडीला मॅडम.
दुकानातली बाई रोज एकच वाक्य बोलते,
तिलाही उत्तर देतात, हळू,
कारण खुर्ची पाचवर रुक्साना आपा झोपलेल्या असतात.

झारी विहिरीत बुडवली की भरते.
कितीदाही.
मी तेव्हा उगाच नळ्या तपासते.
काकांना दिवसाला आठशे मिली,
गोळ्यांच्या घोटासकट, आमटीसकट.

एका मंगळवारी सुया काढल्यावर
(दहा मिनिटं दाब धरून उभं राहायचं असतं,
काहीतरी बोलावं लागतं)
त्यांनी विचारलं, गाव कुठलं तुझं.
गोठिवली, म्हटलं.
त्यांचं बोट मॅडमवर थांबलं.
"मोजणीला होतो तिथे. बाहत्तर साली.
बावीस वर्षांचा. साखळी, फळी, लाल-पांढऱ्या काठ्या.
भात पोटरीत आलं होतं.
त्यातूनच चाललो."

मी म्हटलं, आमचा बांध वाकडा होता म्हणे.
बाबा अजून सांगतात,
वाकराच व्हता, पानी तसाच जायचा.

"नकाशात मी सरळ धरला,"
काका म्हणाले.

रक्त थांबलं होतं.
तरी मी बोट उचललं नाही, थोडा वेळ.

गुरुवारी त्यांनी टॅब माझ्याकडे वळवला.
त्या खेळात सगळं चौकोनी असतं,
वाकडं काही ठेवताच येत नाही.
तरी तळ्याच्या पलीकडे, दगड वेचून वेचून,
एक घर पुढे, एक घर खाली, पुन्हा पुढे,
पायरीपायरीने त्यांनी बांध घातला होता.
आत काही पेरलेलं नाही.
तणसुद्धा तसंच.
"हे कुणाचं?" मी विचारलं, कळत असून.
"नोंद नाही," म्हणाले,
आणि कोंबडीला दाणे टाकायला गेले.

घरी मी बोलले नाही.
साडेबारा टक्क्यांतल्या आमच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर,
बाबा थर्माकोलच्या खोक्यात मिरची लावतात.
फुलं येतात. गळतात.
ते पुन्हा लावतात.

शनिवारी काट्यावर
कोरड्या वजनापेक्षा दोन किलो आठशे जास्त.
काका, काय प्यायलात?
उतरताना त्यांनी माझा खांदा धरला.
चेहरा सुजलेला, डोळे मात्र
चिंचा चोरून आलेल्या मुलाचे.
"काल तिकडे दिवसभर पाऊस होता.
झारी उचलावीच लागली नाही.
म्हटलं, माझ्या वाटचं पाणी उरलं."

मी रागावले. रागवावंच लागतं.
मशीनवर आकडा टाकला, सुया टोचल्या,
पट्टी चिकटवली, टॅब उशीला टेकवला.
पडद्यावर त्यांनी सोडली तीच सकाळ होती,
सहा वाजून दहा मिनिटं.
बंद असताना तिथे दिवस सरत नाही,
कुणी उपाशी राहत नाही.
मॅडम दारात उभी.

"थांब गं," काका तिला म्हणाले,
"आधी बांधाकडे जाऊन येतो."