सिनेटरचा वरचा ओठ

दासरींच्या पूर्णिमानं फोटो पाठवला, वॉशिंग्टनहून.
खाली दोन ओळी : काका, साहेब रिटायर होतायत.
वॉलहँगिंग पाहिजे, तीन बाय चार. चेहरा गंभीर, पण कडक नको.

गंभीर, पण कडक नको.
हे मी धाग्याला कसं सांगू?
जेकार्डच्या पट्टीला दोनच गोष्टी कळतात :
भोक आहे, भोक नाही.

म्हणून आधी माणूस वाचायला घेतला.
नातवानं मोबाइलवर मराठीत करून दिला :
हार्लन व्हिटकोम, चौतीस वर्षं सिनेटात,
त्यातली एकवीस परराष्ट्र समितीवर.
एका लढाईला हो म्हणाला, आणि अकरा वर्षांनी
त्याच सभागृहात उभा राहून म्हणाला, चुकलं माझं.
ही कपाळावरची तिसरी सुरकुती. चाळीस पट्ट्या गेल्या.
कुठल्याशा बेटावरचे निर्बंध उठावेत म्हणून
रात्रभर बोलला, उभ्यानं, पाणी पीत पीत.
हरला. बत्तीस विरुद्ध अडुसष्ट.
ही डोळ्यांखालची पिशवी. इथं राखाडी लागतो,
आणि राखाडी आमच्याकडे नसतोच,
काळा-पांढरा एकाआड एक घालायचा, लांबून जमतो.

मग एक जुनी नोंद निघाली.
बाहेरच्या टॉवेलांवर जकात.
त्याच्या राज्यात दोन गिरण्या होत्या, त्यांच्यासाठी.
मत : बाजूनं.

साल बघितलं.
त्या साली अक्कलकोट रोडला बांधलेले गठ्ठे
दिवाळीपर्यंत सुटले नाहीत.
माझं घर बायकोच्या विड्यांवर चाललं.
शेजारच्या मागावरचा दासरी भिवंडीला गेला,
पोरीला मामाकडं ठेवून.

पूर्णिमाला ठाऊक असेल?
विचारलं नाही. ऑर्डर ती ऑर्डर.

ओठापाशी आलो आणि हात थांबला.
वरच्या ओठात सगळा माणूस असतो.
एक भोक इकडचं तिकडं झालं, की
तो हसतोय का थुंकतोय, कळत नाही.
दोन भोकं जास्त पाडायची, बस्स.
समुद्रापलीकडच्या भिंतीवर
शंभर वर्षं थुंकत राहिला असता.

पाडली नाहीत. मार्कंडेयाची शपथ, पाडली नाहीत.
तरी पहिल्या तुकड्यात धागा तिथंच तुटला.
मालक ओरडला, काय करालास बे इरय्या,
दुसरा काढ.

दुसरा गेला. महिन्यानं पूर्णिमाचा निरोप :
साहेब खूप वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, सोलापूर कुठं आलं?

पहिला आमच्याकडं आहे, पलंगामागं,
ओल झाकायला.
उलटा लावलाय. उलट्या बाजूला सगळं फिरतं :
पांढरे केस काळेभोर, गोरं तोंड रापलेलं,
काळ्या कोटाचा पांढरा सदरा.

परवा बायको दिवा लावता लावता थांबली.
म्हणाली, ह्यो आपला दासरी दिसतोय की वो.

दिसतोय खरा, म्हटलं.
ओठ तेवढा तुटलाय.