ठिपका

जानेवारीत पाऊस पडला.
लुले नदीच्या वरच्या अंगाला, ऐन अंधाराच्या दिवसांत,
आणि तोही एका रात्रीपुरता.
पहाटे वारा फिरला
आणि सगळा माळ काचेचा झाला.

रिस्तेनने टाच आपटून पाहिली.
वीतभर खाली पांढरं दगडफूल
जसंच्या तसं,
घट्ट झाकणाच्या बरणीत राहिल्यासारखं.
रेनडिअरना वास येत होता.
ते खरवडत राहिले,
खुरांच्या कडा लाल होईपर्यंत.

मग कारखान्याची पोती आली, उधारीवर.
काहींनी खाल्लं. काहींची पोटं फुगली.
म्हाताऱ्या मादीने,
जिच्या डाव्या कानात तीन खाचा आणि एक तिरका काप,
मामाच्या सुरीची खूण,
तिने पोत्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
तोंड फिरवलं, चालू लागली.
तिच्यामागे एक, मग दहा, मग उरलेले सगळे.

तिच्या गळ्यात पट्टा होता,
रिस्तेनच्या फोनवर ठिपका.
तीन दिवस तो पूर्वेला सरकला.
पवनचक्क्यांना लांबचा वळसा घातला
(मामाच्या वाटेत हा वळसा नव्हता),
मध्यरात्री रूळ ओलांडले.
खनिजाच्या गाडीचं वेळापत्रक रिस्तेनला पाठ आहे;
तेवढी अकरा मिनिटं ती श्वास मोजत बसली.

चौथ्या दिवशी ठिपका थांबला.

थांबलेल्या ठिपक्याचे फार अर्थ नसतात.
तिने सुरी घेतली, दोर घेतला,
स्नोमोबाइलला मोकळी घसरगाडी जोडली,
ओझं परत आणायला.

खुरट्या बर्चच्या फांदीला
पट्टा लटकत होता.
हिरवा दिवा इमानाने लुकलुकत होता.
बाईसाहेब कधीच पुढे निघून गेल्या होत्या.

रिस्तेन हसली, मग बर्फातच बसली,
मग डोळे पुसले, कारण पापण्या चिकटायला लागल्या.
'जमीन दार लावून घेते तेव्हा झाडांकडे मागायचं,'
मामा म्हणायचा.
तिला वाटे, म्हाताऱ्याचं आपलं काहीतरी.

पुढे नुसती पावलं.
पावलांच्या शेवटी जुनं रान,
स्प्रूसच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या काळ्या दाढ्या,
आणि खाली मान उंचावून चरणारा कळप.
बऱ्याच खोडांना नारिंगी फिती बांधलेल्या.
वसंतात इथं यंत्रं येणार आहेत.
तिने एक फीत सोडली,
पुन्हा बांधली,
खोडांचे फोटो काढले, एकूण एक खोडाचे.

मग मामाला फोन लावला.
हेआइका आता गावात, दुसऱ्या मजल्यावर,
नव्या खुब्यासह लिफ्टने वरखाली करतो.
किती आहेत, हे त्याने विचारलं नाही.
ते विचारायचं नसतं,
परक्याच्या खिशात हात घालावा तसं ते.
'ऐकव,' एवढंच म्हणाला.

तिने फोन कळपाकडे धरला.
रेनडिअर पाऊल टाकतो तेव्हा
घोट्यातली शीर हाडावरून सरकते, टक्.
अंधारात, धुक्यात,
मागच्याला पुढचा सापडावा म्हणून.
टक्. टक् टक्. टक्.

पलीकडे बराच वेळ शांतता.
तिला वाटलं, रेंज गेली.

'लंगडीपण पोचली म्हणायची,' मामा म्हणाला.
'आणि पट्टा?'
'माझ्या खिशात.'
'असू दे आजचा दिवस.'