ओळ सतरा

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
माझ्या प्रोग्रामनं पहिल्याच दिवशी
इराबत्तीमामांच्या अंगावर चाळीस ओळी ओकल्या.
काळ्या पडद्यावर पांढरं इंग्रजी,
माझ्याच फाइलींची नावं, माझीच आतडी.
मामा खुर्चीवरून उठले. हात पुसले.
"मी काय मोडलं का, बाई?"

मोडलं काहीच नव्हतं.
चादरीची लांबी लिहिताना
शून्याऐवजी ओ पडला होता.
एवढंच.

दुपारी त्यांनी मला मागापाशी नेलं.
खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही,
म्हणून नुसतं बोट दाखवलं:
ताण्याचा एक धागा तुटला,
त्याच्यावरची पत्र्याची पिन खाली पडली,
माग थांबला.
बोंब नाही. विणकराची अक्कल काढणं नाही.
चार हजारांतला कुठला,
ते पडलेली पिन सांगते.
मामांनी थुंकी लावून गाठ मारली,
दांडा ओढला,
पुन्हा खडखडाट.

रात्री त्या चाळीस ओळी
मी लॉगमध्ये नेऊन ठेवल्या, माझ्यापुरत्या.
पडद्यावर एवढंच राहू दिलं:
"ओळ १७. लांबी '९ओ' अशी आहे, इथे फक्त आकडे हवेत.
९० म्हणायचंय का?
बाकीच्या ओळी ठीक आहेत."
आधी 'क्षमस्व' लिहिलं होतं, ते खोडलं.
माग कुठे माफी मागतो?

सकाळी मामांनी ओठ हलवत वाचलं,
तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले,
चष्मा वर सरकवला,
ओ पुसून शून्य ठेवलं.

मला हाक मारलीच नाही.