हिवाळ्यातली आग

डॉक्टर स्लेप्त्सोवा, रिपोर्ट जरा उलटा ठेवा.
सहा केमो, मग ऑपरेशन. गाठ गेली म्हणता. बरं.
पण हा चेहरा मी ओळखते :
तेवीस उन्हाळे याकूतियात वणवे विझवलेत.

ज्वाळांचं सोपं असतं.
सप्टेंबरात बर्फ पडतो, माणसं घरी जातात,
आणि कुजक्या शेवाळाच्या थरात, हातभर खाली,
काहीतरी धुमसत राहतं
उणे पन्नासातसुद्धा.
मे महिन्यात त्याच जागी धूर.

तुम्ही म्हणालात, मूळपेशी.
औषध गाठतं ते वाढत्या पेशींना;
या मूठभर निजून राहतात,
आणि एकीला जाग आली की पुन्हा अख्खा वणवा.

आम्ही हातमोजा काढतो,
उघडा तळवा राखेत घालतो.
ऊब लागली की खणायचं, पाणी, पुन्हा खणायचं.

काल रात्री टाक्यांच्या वर
तसाच हात ठेवून पाहिला.
गार होतं.
नवरा म्हणाला, तुयारा, झोप आता.

चाचणीतलं ते औषध, निजलेल्यांसाठीचं :
सही कुठे करू?
थांबा, पेन आधी काखेत धरते.
थंडीत शाई गोठायची, तेव्हाची सवय.
उजव्या काखेत.
डावीतलं तुम्ही नेलंत.